सीईएचा आकडा आणि पेशींची पकड

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या नाशिकच्या पानांवर गेले काही महिने संपूर्ण शरीर तपासणीच्या पॅकेजच्या जाहिराती नेमाने येत आहेत. साखर, चरबी, थायरॉइड, जीवनसत्त्वे अशा यादीच्या शेवटी ‘कर्करोगाची रक्तचाचणी’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते आणि त्याखाली बारीक टायपात ‘सीईए’ ही तीन अक्षरे असतात. मी नाशिकमध्ये एकतीस वर्षे विकृतिशास्त्राचे काम करते आहे. शस्त्रक्रियेत काढलेले अवयव आणि बायोप्सीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून निदान लिहिणे हे माझे रोजचे काम. त्या नात्याने, आणि त्याहून अधिक एका रुग्णाची बहीण म्हणून, मला सांगायचे आहे की सीईएचा आकडा नॉर्मल आला म्हणून मोठ्या आतड्याचा कर्करोग नाही असे मानणे चूक आहे. ती चूक का आहे हे कळण्यासाठी सीईए मुळात कोणत्या जातीचा रेणू आहे हे वाचकांना ठाऊक असायला हवे. पेशींना एकमेकींशी धरून ठेवणाऱ्या रेणूंच्या, म्हणजेच शास्त्रीय भाषेत आसंजन रेणूंच्या कुळातला तो एक रेणू आहे, आणि आतड्याच्या कर्करोगाची वाढ व फैलाव यांची बरीचशी हकिगत या कुळाभोवतीच फिरते.

आधी घरची गोष्ट सांगते. माझा धाकटा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतो. काही वर्षांपूर्वी, त्याच्या वयाच्या पन्नाशीच्या आसपास, शौचावाटे रक्त जाऊ लागले. जवळच्या एका दवाखान्यात मूळव्याध म्हणून मलम आणि चूर्ण देण्यात आले. गुदद्वारात बोट घालून करायची साधी तपासणीही तिथे झाली नाही. ऑक्टोबरच्या फळछाटणीचे दिवस होते, त्यामुळे त्यानेही फार चौकशी केली नाही. त्याच सुमारास कुठल्याशा शिबिरात पॅकेज घेऊन त्याने रक्त दिले. अहवाल आला : सीईए २.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर, समोर ‘५ पर्यंत सामान्य’ असे छापलेले आणि हिरवी खूण. ‘ताई, कॅन्सरची टेस्ट नॉर्मल आली,’ असे त्याने मला फोनवर सांगितले. मी ‘बरे झाले’ म्हणाले. रक्त अजून जाते का, हा प्रश्न मी विचारला नाही. तो विचारायला हवा होता, हे मी आजही स्वतःला माफ करू शकत नाही. माल निघून गेल्यावर मार्चअखेर तो जिना चढताना धापा टाकू लागला, हिमोग्लोबिन ७.९ निघाले, आणि कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या तपासणीत, डाव्या बाजूच्या आतड्यात गाठ दिसली. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सीईए पुन्हा तपासले, ते २.९ होते. गाठ आतड्याच्या भिंतीच्या स्नायूंपार गेली होती आणि आकडा तेव्हाही हिरव्या रकान्यातच होता.

सीईएचा शोध १९६५ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी लावला. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या ऊतीत आणि गर्भाच्या आतड्यात आढळणारे, पण प्रौढ निरोगी ऊतीत न दिसलेले असे एक प्रतिजन त्यांना सापडले, म्हणून नाव पडले कर्क-भ्रूण प्रतिजन, इंग्रजीत कार्सिनोएम्ब्रायोनिक अँटिजेन, म्हणजेच सीईए. कर्करोगाची खूण हाती लागली असा आनंद तेव्हा झाला होता आणि तो समजण्यासारखा होता. पुढे अधिक सूक्ष्म पद्धती आल्यावर लक्षात आले की निरोगी प्रौढाच्या आतड्यातही सीईए भरपूर तयार होते. दिवसाला सुमारे ५० ते ७० मिलिग्रॅम सीईए आपण मलावाटे टाकून देतो. मग ते रक्तात का येत नाही? कारण निरोगी आतड्याची पेशी हा रेणू फक्त आपल्या एका तोंडावर, म्हणजे पोकळीकडच्या बाजूवर ठेवते. तिथून तो गळून विष्ठेत जातो. रक्तवाहिन्या पेशीच्या दुसऱ्या बाजूला, बुडाशी असतात आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये शेजारच्या पेशींना चिकटवणारे पक्के सांधे असतात. कर्करोगात पेशीची ही वरची-खालची बाजू ओळखण्याची शिस्त मोडते, सीईए पेशीच्या सगळ्या अंगावर पसरते, सांधे ढिले होतात आणि मग ते रक्तात उतरू लागते. १९८९ साली मॅकगिलमधल्याच संशोधकांनी दाखवले की सीईए पेशीवर नुसते मिरवत नाही, ते एका पेशीला दुसऱ्या पेशीला चिकटवते. खूण म्हणून चोवीस वर्षे मोजला गेलेला हा रेणू प्रत्यक्षात आसंजन रेणू निघाला.

एवढे कळले की पॅकेजमधल्या आकड्याची मर्यादा आपोआप उलगडते. गाठ लहान असताना, पेशींची शिस्त बरीचशी शाबूत असताना, रक्तात जाण्याजोगे सीईए थोडेच असते. म्हणजे ज्या टप्प्यावर शोध लागला तर रोग पूर्ण बरा होण्याची आशा सर्वांत जास्त, त्याच टप्प्यावर ही चाचणी बहुतेकदा गप्प राहते. जी गाठ फार बिघडलेली असते, जिच्या पेशी आतड्याचे रूपच विसरलेल्या असतात, ती कित्येकदा सीईए कमी बनवते. उलट बाजूने, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत, यकृताच्या आजारात आणि आतड्याच्या जुनाट दाहात हा आकडा कर्करोग नसतानाही चढतो. रक्तातले सीईए साफ करण्याचे काम यकृत करते, तेव्हा यकृत थकले की ते साठते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १९८० साली भरवलेल्या सहमती परिषदेने निरोगी लोकांत कर्करोग हुडकण्यासाठी सीईए वापरू नये असा निष्कर्ष काढला होता. त्याला चार दशकांहून अधिक काळ लोटला आहे आणि आपल्याकडे ते अजून पॅकेजमध्ये विकले जाते, याचा मला खरोखर संताप येतो.

आता या कुळातल्या इतर मंडळींकडे वळते, कारण रोगाची वाढ समजायची तर ती सीईएवरून पुरती समजत नाही.

मोठ्या आतड्याचे अस्तर म्हणजे पेशींचा एकच थर. त्यात लाखो सूक्ष्म खळगे असतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी मूळ पेशी विभागतात, नव्या पेशी एकमेकींचा हात न सोडता वर सरकत जातात आणि चारपाच दिवसांत वर पोहोचून गळून पडतात. इतकी सततची उलथापालथ चालू असताना अस्तराला भोक पडत नाही, याचे श्रेय मुख्यतः ई-कॅडहेरिन नावाच्या रेणूला आहे. क्योटोच्या मासातोशी ताकेइची यांनी या कुटुंबाचा शोध लावला. कॅल्शियम असेल तरच हा रेणू ताठ उभा राहतो आणि शेजारच्या पेशीवरच्या आपल्याच जातीच्या रेणूला धरतो. कॅडहेरिन या नावातला पहिला भाग कॅल्शियमवरूनच आला आहे. पेशीच्या आतल्या बाजूला त्याचे शेपूट बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला बांधलेले असते आणि त्याच्यामार्फत पेशीच्या सांगाड्याला.

आमच्या भागातल्या वाचकांना मणीगळ माहीत आहे. घड वरून भरलेला, टपोरा दिसतो. पण मण्याचा देठाशी असलेला जोड कच्चा राहिला तर पेटी भरताना नुसते हलवले तरी मणी खाली पडतात. बागाईतदार म्हणूनच फक्त फुगवण आणि रंग पाहत नाही, घड हातात धरून हलवून पाहतो. वर्तमानपत्रांत कर्करोगाचे वर्णन नेहमी ‘पेशींची बेसुमार वाढ’ असे केले जाते. ते खरे आहे, पण ते फुगवणीचे वर्णन झाले. रोगी दगावतो तो बहुतेकदा मणीगळीने, म्हणजे गाठीतल्या पेशी सुटून दूरच्या अवयवात रुजल्याने. तुलना इथेच थांबवते, कारण गळलेला मणी मातीत कुजतो. कर्कपेशीचे तसे होत नाही, आणि तिथेच खरा प्रश्न सुरू होतो.

निरोगी पेशीही सुटली तर कुजतेच. आपल्या जागेपासून, शेजाऱ्यांपासून आणि बुडाखालच्या पायाभूत पटलापासून तुटलेली अस्तराची पेशी स्वतःहून मरते. या मरणाला १९९४ साली अ‍ॅनॉयकिस हे नाव देण्यात आले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बेघर होणे असा आहे. पेशी आपल्या पायाला धरून आहे की नाही हे तिला इंटेग्रिन नावाच्या रेणूंकडून कळते. इंटेग्रिन दोन साखळ्यांच्या जोडीने बनतात, माणसात अशा २४ जोड्या आहेत, आणि ते बाहेर पटलाला धरतात व आत ‘जागा आहे, जगायला हरकत नाही’ असा निरोप पोहोचवतात. कर्कपेशी हा निरोपच खोटा करायला शिकते. इंटेग्रिनांची जात बदलते, किंवा निरोप देणारी आतली यंत्रणा कायमची चालू राहते. सीईए इथे पुन्हा येते : पेशीच्या सगळ्या अंगावर वाजवीपेक्षा जास्त सीईए असले तर या बेघर-मरणाला अडथळा होतो, असे प्रयोगशाळेतल्या पेशींवर दिसून आले आहे. चिकटवणारा रेणू सुटलेल्या पेशीला जगायलाही हातभार लावू शकतो, ही या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे.

बीटा-कॅटेनिनविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण आतड्याच्या कर्करोगाची सुरुवात बहुधा त्याच्याच वाटेने होते. या प्रथिनाच्या दोन नोकऱ्या आहेत. एक, ई-कॅडहेरिनशी बांधून राहून पेशींचा जोड पक्का ठेवणे. दुसरी, पेशीच्या केंद्रात जाऊन वाढीची जनुके चालू करणे. दुसरी नोकरी त्याने बेताने करावी म्हणून मोकळे फिरणारे बीटा-कॅटेनिन पेशी लगेच नष्ट करते आणि त्या कामात एपीसी हे प्रथिन लागते. एपीसीचे जनुक १९९१ साली सापडले. ज्या कुटुंबांत तरुण वयातच आतड्यात शेकडो पॉलिप, म्हणजे अस्तरावर उगवणारे लहान कोंब, येतात त्या कुटुंबांत ते जन्मतः बिघडलेले असते. आनुवंशिक नसलेल्या आतड्याच्या कर्करोगातही सुमारे ८० टक्के गाठींत हेच जनुक बिघडलेले आढळते. एपीसी बिघडले की बीटा-कॅटेनिन साठते, केंद्रात शिरते आणि पेशीला सतत विभागायला लावते. त्याने चालू केलेल्या जनुकांत काही आसंजन रेणूंचीही जनुके आहेत. त्यांतला एल-वन-कॅम हा रेणू खरे म्हणजे मज्जासंस्थेतल्या पेशींना वाट काढायला मदत करणारा. आतड्यात त्याचे काही काम नसते. पण तो गाठीच्या कडेवरच्या, आत घुसणाऱ्या पेशींवर उगवलेला दिसतो. शेजाऱ्यांना घट्ट धरणारा रेणू मागे पडतो आणि पुढे सरकायला मदत करणारा येतो, असा हा बदल आहे.

मोठ्या आतड्यात ई-कॅडहेरिनचे जनुक स्वतः क्वचितच बिघडते. जठराच्या विखुरलेल्या प्रकारच्या कर्करोगात ते बिघडते. न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबावरून हे १९९८ साली उघड झाले. आतड्यात मात्र जनुक धड असते, पण स्नेल, झेब अशा नावांची दडपणारी प्रथिने त्याचे काम बंद पाडतात. बंद पडलेले काम पुन्हा सुरू होऊ शकते, हे इथे लक्षात ठेवावे.

हे सगळे काचेवर कसे दिसते ते सांगते. ई-कॅडहेरिनसाठी रंगवलेली स्लाइड हाती घेतली की निरोगी अस्तरात प्रत्येक पेशीच्या कडेने तपकिरी रेघ असते. ओळीने बसलेल्या पेशी मधाच्या पोळ्यासारख्या आखलेल्या दिसतात. काच गाठीच्या मध्यभागी सरकवली तरी बऱ्याच वेळा रेघा टिकून असतात, थोड्या वेड्यावाकड्या. मग काच गाठीच्या सर्वांत खोल कडेला न्यायची, जिथे गाठ स्नायूत किंवा चरबीत शिरते आहे. तिथे रेघ तुटक होते, पुसट होते, आणि मग ग्रंथीपासून सुटून पडलेली एखादी एकटी पेशी दिसते, तिच्या पलीकडे दोन पेशी, आणखी पुढे चार. माझ्या भावाच्या ऑपरेशनचा अहवाल माझ्या एका सहकाऱ्याने लिहिला होता. स्लाइड मी नंतर मागून घेतल्या आणि रात्री दवाखाना बंद झाल्यावर एकटीने पाहिल्या. खोल कडेच्या एकाच क्षेत्रात अशा सुट्या पेशी आणि पुंजके मी मोजले, ते तेरा भरले. दुसऱ्यांदा मोजले. तेराच होते.

या सुट्या पुंजक्यांना आमच्या भाषेत ट्यूमर बडिंग म्हणतात. ते मोजायचे कसे यावर २०१६ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न इथे आंतरराष्ट्रीय परिषदेत एकमत झाले : एकटी पेशी किंवा चार पेशींपर्यंतचा पुंजका म्हणजे एक बड, कडेवरचे सर्वांत दाट क्षेत्र निवडायचे, ०.७८५ चौरस मिलिमीटरमध्ये मोजायचे. चारपर्यंत कमी, पाच ते नऊ मध्यम, दहा किंवा अधिक म्हणजे जास्त. यासाठी महाग यंत्र लागत नाही, नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगाची स्लाइड, सूक्ष्मदर्शक आणि दहा मिनिटे पुरतात. पॉलिपमध्येच सापडलेल्या अगदी सुरुवातीच्या कर्करोगात बडिंग जास्त असेल तर रोग लसिका ग्रंथींपर्यंत गेलेला असण्याची शक्यता वाढते आणि पुढची शस्त्रक्रिया करावी का याचा निर्णय त्यावर हलतो. लसिका ग्रंथी स्वच्छ असलेल्या दुसऱ्या टप्प्यातल्या रोगात केमोथेरपी द्यावी का, या विचारातही त्याला वजन आहे. तरीही आपल्या भागातून माझ्याकडे दुसऱ्या मतासाठी येणाऱ्या कित्येक अहवालांत बडिंगचा उल्लेखच नसतो. काहींत तर किती लसिका ग्रंथी तपासल्या तेही लिहिलेले नसते, जेव्हा किमान बारा तपासाव्यात असा दंडक आहे. माझ्या व्यवसायबंधूंना मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. कामाचा रेटा मला माहीत आहे. पण अहवालात जे लिहिलेले नसते ते उपचार करणाऱ्या डॉक्टरांपर्यंत कधी पोहोचत नाही, आणि वाचकांनी आपल्या माणसाच्या अहवालात या दोन गोष्टी शोधाव्यात, नसल्या तर नम्रपणे विचाराव्यात, असे मला मनापासून वाटते.

सुटलेली पेशी पुढे काय करते हे थोडक्यात सांगते. आतड्याचे रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून जाते, म्हणून या रोगाचे दुसरे घर बहुधा यकृत असते. वाहत्या रक्तात पेशीला कुठेतरी थांबायला पकड लागते. रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरचे सिलेक्टिन नावाचे आसंजन रेणू आणि कर्कपेशीवरच्या विशिष्ट शर्करासाखळ्या ती पकड देतात. सीए १९-९ या नावाने जी दुसरी चाचणी वाचकांनी पाहिली असेल, ती अशाच एका शर्करासाखळीची मोजणी आहे. यकृतात बस्तान बसल्यावर जे घडते ते मी अनेकदा स्वतः पाहिले आहे : यकृताच्या बायोप्सीत पेशी पुन्हा ओळीने बसलेल्या असतात, पुन्हा ग्रंथी बांधतात, पुन्हा ई-कॅडहेरिनची तपकिरी रेघ उमटते. हा रोग आतड्यातून आला असे आम्ही ओळखतो ते याच ठेवणीवरून. घर सोडताना टाकलेली पकड त्या नव्या घरी परत धरतात. म्हणून ‘आसंजन गेले की कर्करोग’ असे सरळ समीकरण मांडणाऱ्यांशी मी सहमत नाही. वेळ पाहून सोडणे आणि वेळ पाहून धरणे, अशी ही लवचीक क्षमता आहे, आणि औषधाने तिला आवर घालणे त्यामुळेच कठीण गेले आहे.

त्याचा एक दाखला देते. एपकॅम हा याच कुळातला रेणू आतड्याच्या बहुतेक कर्कपेशींवर असतो. त्याच्याविरुद्धचे एड्रेकोलोमॅब हे प्रतिपिंड शस्त्रक्रियेनंतर दिल्याने मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असा १८९ रुग्णांवरचा जर्मन अभ्यास १९९४ साली प्रसिद्ध झाला आणि जर्मनीत ते औषध म्हणून मान्यही झाले. पुढे २,७०० हून अधिक रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००२ साली तिचे निष्कर्ष आले, आणि त्यात केमोथेरपीला जोड म्हणून त्याचा काहीच लाभ दिसला नाही. ‘चमत्कारी शोध’ या मथळ्याखाली जेव्हा जेव्हा एखाद्या छोट्या अभ्यासाची बातमी छापायची वेळ येईल, तेव्हा आपल्या संपादकीय विभागाने हे उदाहरण आठवावे अशी विनंती आहे.

मग सीईए निरुपयोगी आहे का? मुळीच नाही. शस्त्रक्रियेआधी ते वाढलेले असेल आणि गाठ काढल्यावर खाली आले, तर पुढची पाच वर्षे ठरावीक अंतराने ते मोजत राहिल्याने रोग परतल्याची चाहूल लवकर लागू शकते. पहिली दोनतीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी, असा साधारण रिवाज आहे, आणि तिथे ही चाचणी चुकवू नये. माझ्या भावाच्या बाबतीत आकडा कधी वाढलाच नव्हता, म्हणून त्याच्या पाठपुराव्यात सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी यांवर भिस्त ठेवावी लागली. केमोथेरपीचे सहा महिने त्याने पार पाडले. बागेत सध्या खरड छाटणी चालू आहे आणि तो रोज सकाळी बांधावर असतो.

निरोगी माणसाने काय करावे, हे स्पष्ट लिहिते. जगात २०२२ साली सुमारे १९ लाख लोकांना मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९ लाख त्याने गेले. आपल्याकडे प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे, आणि राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीनच कर्करोगांची चाळणी होते. आतड्याची होत नाही. म्हणजे जबाबदारी बरीचशी आपल्यावरच येते. शौचावाटे रक्त जाणे, शौचाची सवय काही आठवडे बदललेली राहणे, कारण नसताना रक्त कमी होणे किंवा वजन उतरणे, यांपैकी काहीही असेल तर मूळव्याध आहे असे गृहीत धरू नये. वय तीस असो की सत्तर, बोटाने तपासणी आणि गरजेप्रमाणे कोलोनोस्कोपी करून घ्यावी. मूळव्याध खरोखर असली तरी तिच्यासोबत वर गाठ असू शकते. काहीही त्रास नसताना तपासणी करायचीच असेल, तर पंचेचाळिशी-पन्नाशीनंतर शौचातील न दिसणारे मानवी रक्त शोधणारी चाचणी आपल्या डॉक्टरांना विचारून करावी. पॉलिपचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. कोलोनोस्कोपीत तो पॉलिप दिसला तर त्याच बैठकीत काढता येतो, आणि ज्या पकड सुटण्याविषयी मी इतके लिहिले ती वेळच येत नाही. सीईएसाठी पॅकेजमध्ये मोजलेले पैसे या चाचणीकडे वळवणे कितीतरी शहाणपणाचे ठरेल.

माझी आपल्याला दुसरी विनंती जाहिरातींविषयी आहे. सीईएला ‘कर्करोगाची रक्तचाचणी’ म्हणणारी जाहिरात स्वीकारताना तिच्यात ‘ही चाचणी निरोगी व्यक्तीत कर्करोग नसल्याची खात्री देत नाही’ एवढी ओळ, वाचता येईल अशा आकाराच्या अक्षरांत, टाकण्याची अट घालता आली तर पाहावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ ज्या शहरात आहे त्या शहराच्या वर्तमानपत्राने हा पायंडा पाडावा, असे मला वाटते.

शेवटी, ज्यांच्या घरात आतड्याचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांच्यासाठी. वर ज्या एपकॅमचा उल्लेख केला, त्याच्या जनुकाचे शेपूट काही कुटुंबांत जन्मतः गळालेले असते. त्याने पेशींच्या पकडीत फरक पडण्यापेक्षा वेगळेच काही होते : शेजारचे एमएसएच-२ हे डीएनए दुरुस्तीचे जनुक मुके होते. २००९ साली हे उलगडले. अशा कुटुंबांत, आणि दुरुस्तीची जनुके थेट बिघडलेल्या कुटुंबांत, लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक धोका असतो. आतड्याच्या दर शंभर कर्करोगांमागे साधारण तीन असे असतात. त्याची पहिली चाळणी गाठीच्या तुकड्यावर दुरुस्तीच्या चार प्रथिनांचे रंग करून होते आणि ती जुन्या तुकड्यावरही होते. गाठीचे तुकडे मेणाच्या ठोकळ्यांत जतन केलेले असतात, त्यांना आम्ही ब्लॉक म्हणतो. नीट ठेवले तर ते वर्षानुवर्षे टिकतात. आपल्या आईवडिलांचे किंवा भावंडाचे ऑपरेशन पन्नाशीच्या आत झाले असेल, किंवा घरात आतड्याचे व गर्भाशयाचे कर्करोग एकाहून अधिक असतील, तर ज्या प्रयोगशाळेने अहवाल दिला तिथे अहवालाचा क्रमांक घेऊन जावे, ब्लॉक लेखी अर्ज देऊन मागून घ्यावेत आणि ही तपासणी झाली आहे का ते विचारावे. दोष सापडला तर त्या घरातल्या मुलांची आणि भावंडांची कोलोनोस्कोपी पंचविशीच्या आसपास सुरू करून दर एकदोन वर्षांनी करावी लागते. माझ्या भावाचे चारही रंग व्यवस्थित आले, तेव्हा त्याच्या दोन्ही मुलांना तेवढ्या लवकर सुरुवात करण्याची गरज नाही. त्यांना चाळिशीला करायला सांगितले आहे, आणि तारीख मी माझ्या वहीत लिहून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एक विकृतिशास्त्रज्ञ,
गंगापूर रोड, नाशिक